पेटची चमक आणि तुकड्याचा पुरावा

"पेट करून घेऊ, म्हणजे एकदाचं कळेल." लिव्हर किंवा किडनी बदललेल्या मुलाचा ताप रेंगाळला, मानेत गाठी लागल्या, रक्तातल्या एपस्टाइन-बार विषाणूचा आकडा चढला, की वॉर्डात हे वाक्य येतंच. आईवडील म्हणतात, निवासी डॉक्टर म्हणतात, आणि अलीकडे ज्येष्ठ मंडळीही म्हणू लागली आहेत. मी मुलांच्या तपासण्या करणारी रेडिओलॉजिस्ट. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय आणि पेटच्या पडद्यांसमोर माझे दिवस जातात, आणि या यंत्रांवर माझा जीव आहे. तरीही त्या वाक्यातलं "म्हणजे कळेल" मला मान्य नाही.

पूर्वपक्ष आधी मांडते, आणि त्याला शक्य तितकं बळ देऊन मांडते. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून मुलाला टॅक्रोलिमससारखी औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. ती टी पेशींना दाबून ठेवतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या बी पेशींत एपस्टाइन-बार विषाणू आयुष्यभर मुक्कामाला असतो, आणि टी पेशींचा पहारा आहे तोवर तो गप्प असतो. पहारा सैल पडला की विषाणू शिरलेल्या बी पेशी बेसुमार वाढू लागतात. प्रत्यारोपणानंतरच्या या वाढीला डॉक्टर पीटीएलडी म्हणतात. वाढणाऱ्या पेशी साखर भराभर उचलतात. पेट तपासणीत ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरीन-18 हा किरणोत्सारी अणू जोडून तो शिरेतून देतात. पेशी तो आत घेते, पण त्याचं पुढे काही करू शकत नाही. तो आतच अडकतो, आणि जिथे अडकला तिथे पडदा उजळतो. सीटीवर आकाराने नॉर्मल वाटणारी ग्रंथी, प्लीहा, हाडांतली मज्जा, असं सगळं एका फेरीत पाहून होतं. लिम्फोमाची अवस्था ठरवण्याच्या 2014 च्या लुगानो वर्गीकरणाने पेटला मधोमध जागा दिली. मग लिम्फोमाच्याच कुळातल्या या आजारात हीच तपासणी पहिली आणि शेवटची का नसावी? लहान जिवाला भूल देऊन, चिरून तुकडा काढण्यापेक्षा एका टोचणीत काम होत असेल तर कुठल्या आईला ते नको असेल?

हे म्हणणं पोकळ नाही. त्यातली घोडचूक "लिम्फोमाच्याच कुळातला" या शब्दांत दडलेली आहे.

1984 साली पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निरीक्षण मांडलं. सायक्लोस्पोरिन आणि स्टिरॉइड घेणाऱ्या त्यांच्या रुग्णांत लिम्फोमासारख्या गाठी उठल्या होत्या, आणि औषधांचा डोस उतरवल्यावर त्यातल्या काही विरघळून गेल्या. कर्करोगासारखी दिसणारी गाठ पहारा परत बसताच ओसरते, हे तेव्हा चकित करणारं होतं, आणि आज उपचारांची पहिली पायरी तीच आहे. पीटीएलडी हे एका रोगाचं नाव नाही, तो एक लांबलचक पट्टा आहे. एका टोकाला ग्रंथीची रचना शाबूत ठेवून होणारी नुसती वाढ आहे. मध्ये लहानमोठ्या पेशींची सरमिसळ असलेला बहुरूपी प्रकार आहे. दुसऱ्या टोकाला बी पेशींचा आक्रमक लिम्फोमा, बर्किट, हॉजकिन. पहिल्या टोकाला डोस कमी करून थांबता येतं, दुसऱ्या टोकाला रिटक्सिमॅब आणि केमोथेरपी लागू शकते. आणि हे ठरतं कशावर? ग्रंथीची आतली घडण टिकली आहे की मोडली आहे, कुठल्या पेशी आहेत, त्यांत विषाणू आहे का, यावर. पेटच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपकाही साधारण चार-पाच मिलिमीटरचा. ग्रंथीची घडण त्याच्या कितीतरी पट सूक्ष्म. म्हणजे प्रश्न ज्या पातळीवर विचारला आहे, त्या पातळीवर हे यंत्र पाहूच शकत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात या दोषाला नेमकी नावं आहेत. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण धूर अग्नीला सोडून कुठे राहत नाही. जो हेतू, म्हणजे जी खूण, साध्य (जे सिद्ध करायचं ते) असतानाही सापडते आणि नसतानाही, तो सव्यभिचार. आणि लक्षण जिथे लागू व्हायला हवं तिथे होत नसेल तर अव्याप्ती, नको तिथे होत असेल तर अतिव्याप्ती. पेटची चमक हे पीटीएलडीचं लक्षण मानलं, तर मुलांच्या बाबतीत ते दोन्ही दोषांत सापडतं. मोठ्यांत हे दोष कमी आहेत, मुलांत जास्त. सगळी गफलत तिथेच होते, कारण आपण मोठ्यांचा अनुभव तसाच उचलून मुलांवर टाकतो.

अव्याप्तीचं उदाहरण मी जवळून पाहिलं आहे. चार वर्षांची मुलगी. जन्मतःच पित्तनलिका बंद होत्या, म्हणून पहिला वाढदिवस व्हायच्या आत आईच्या लिव्हरचा डावीकडचा तुकडा तिला बसवलेला. विषाणूचा आकडा चढला म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी पेट झालं होतं. रिपोर्टात लिहिलं होतं, "दोन्ही टॉन्सिलमधली चमक वयाला साजेशी. रोगाची खूण नाही." घरच्यांनी देवाला नारळ फोडला. तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीसाठी आली. मी पोटावर जेल लावत असताना आजी मध्येच म्हणाली, "मॅडम, ही आधी घोरत नव्हती. आता रात्रभर तोंड उघडं टाकून घोरते. मध्येच श्वास अडकतो, मग दचकून उठते." मी प्रोब पोटावरून उचलून मानेवर ठेवला. नॉर्मल ग्रंथी सोनोग्राफीवर घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते, लांबट, मधोमध पांढरी रेघ. तिच्या जबड्याखालच्या ग्रंथी गोल झाल्या होत्या, मधली रेघ पुसली गेली होती. उजवी टॉन्सिल घशाच्या मध्यरेषेपर्यंत आली होती. त्याच आठवड्यात कान-नाक-घसा सर्जनांनी टॉन्सिल काढल्या. विषाणूचा आरएनए दाखवणाऱ्या ईबर रंगाने काच ठिपक्याठिपक्यांनी भरून गेली होती. पीटीएलडी होताच. रचना न मोडलेला, पहिल्या पायरीवरचा.

पेट वाचणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. चार वर्षांच्या कुठल्याही धडधाकट मुलाच्या टॉन्सिल आणि ॲडेनॉइड पेटवर झगझगीत उजळतात. तो लिम्फ ऊतकांचा बालवाडीतला काळ आहे, रोज नव्या जंतूशी ओळख चाललेली असते. त्या उजेडात रोगाची चमक वेगळी काढायची कशी? ते चित्रात लिहिलेलंच नसतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पीटीएलडीचा संशय असलेल्या मुलांची पेट-सीटी आणि अंतिम निदान शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा सुटलेले रुग्ण प्रामुख्याने अशाच जागांचे निघाले: घशातलं टॉन्सिलचं कडं, मानेच्या ग्रंथी, लहान आतडं. आणि प्रकार सुरुवातीचे किंवा बहुरूपी. मुलांत पीटीएलडीला या जागा प्रिय आहेत. म्हणजे यंत्र आंधळं आहे ते नेमकं रोगाच्या आवडत्या कोपऱ्यात.

आतड्याचंही तसंच. तिथला रोग कित्येकदा अस्तरात पसरट असतो, आणि आतडं स्वतःही कमीजास्त उजळत असतं. जुलाब, शौचातून रक्त, उतरलेलं अल्ब्युमिन, कारण न सापडणारा ॲनिमिया अशा मुलाला दुर्बिणीची गरज असते. आतडं आतड्यात शिरलं तर सोनोग्राफीवर एकात एक कडी दिसतात आणि निदान खाटेशेजारीच होतं. मेंदूबद्दल तर बोलायलाच नको. राखाडी भाग साखरेवरच जगतो, सगळा मेंदू पेटवर पेटलेला असतो, त्यात छोटी गाठ हरवते. तिथे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय हवा.

आता अतिव्याप्ती. आपल्याकडे हिचं पहिलं नाव क्षय. औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलाच्या छातीतल्या ग्रंथी पेटवर उजळल्या, तर पुण्या-मुंबईत बसलेल्या डॉक्टरला क्षय आणि लिम्फोमा या दोन्हींचा विचार एकाच श्वासात करावा लागतो. चित्र दोघांत फरक करत नाही. आणि इथे चूक किती महाग आहे बघा. पीटीएलडी असेल तर टॅक्रोलिमस उतरवायचं. क्षय असेल तर रिफॅम्पिसिन सुरू होईल, आणि रिफॅम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम्स चेतवून रक्तातलं टॅक्रोलिमस इतकं खाली आणतं की अवयव वाचवायला डोस बराच वाढवावा लागतो. एकाच चमकेचे दोन अर्थ, आणि उपचार उलट दिशांना. अंदाजाने एक बाजू धरली आणि ती चुकली, तर मूल एकतर बसवलेलं लिव्हर गमावेल किंवा त्याच्या अंगात क्षय पसरेल. याशिवाय थंडीने उजळणारी तपकिरी चरबी आहे (म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून मुलाला उबदार खोलीत, पांघरुणात ठेवतात), उपचारांनंतर पुन्हा फुगणारा थायमस आहे, पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनने चेतलेली मज्जा आहे, नाकारला जात असलेला सुजलेला अवयव आहे.

काही जण म्हणतात, ठीक आहे, पेट निदान नाही करत, पण विषाणूचा आकडा चढला की पेट करत राहिलं तर रोग लवकर पकडता येईल. हा पहारेकरी युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. एपस्टाइन-बारचा आकडा महिनोन्महिने चढलेला राहूनही कित्येक मुलं खेळत-बागडत असतात, त्यांना पीटीएलडी होत नाही. तो आकडा धोक्याची घंटा आहे, निदान नाही. प्रत्येक घंटेला पेट केलं, तर आपण टॉन्सिल उजळलेल्या निरोगी मुलांची रांग लावू, आणि त्यातून नव्या शंका, नव्या सीटी, नव्या भुली. धोका कुठल्या मुलाला जास्त हे ओळखायला पेट लागतही नाही. ज्याला प्रत्यारोपणाआधी हा विषाणू कधीच झाला नव्हता आणि ज्याला विषाणू असलेल्या दात्याचा अवयव मिळाला, त्याला धोका सर्वात जास्त, आणि तो पहिल्या वर्षात. आतड्याच्या प्रत्यारोपणानंतर तो सर्वाधिक, हृदय-फुप्फुसानंतर मधला, लिव्हर-किडनीनंतर त्याहून कमी. मोठ्यांपेक्षा मुलांत हा आजार जास्त दिसतो तो याच कारणाने: मूल विषाणूला आयुष्यात पहिल्यांदा भेटतं ते पहारा उठवलेला असताना.

त्या चार वर्षांच्या मुलीच्या फाइलमध्ये प्रत्यारोपणाआधीच्या रिपोर्टात "एपस्टाइन-बार आयजीजी पॉझिटिव्ह" होतं, म्हणून तिला कमी धोक्याच्या रकान्यात टाकलं होतं. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. त्या वयात रक्तात सापडणारी प्रतिपिंडं आईकडून नाळेतून आलेली असू शकतात. मुलीला विषाणू झालेलाच नव्हता. पुढे त्याच आईने लिव्हर दिलं, आणि लिव्हरबरोबर स्वतःच्या बी पेशींतला विषाणूही. त्या रकान्यातली एक खूण बदलली असती तर घोरण्याच्या पहिल्या रात्रीच कुणीतरी तिचा घसा उघडून पाहिला असता. हे मी विसरू शकत नाही.

किरणांबद्दल अतिशयोक्ती मला नको. एका सीटीने किंवा एका पेटने मुलाचं वाटोळं होत नाही, आणि गरज असताना किरणांच्या भीतीने तपासणी टाळणं हा अपराध आहे. पण ही मुलं एकदा येऊन जाणारी नसतात. नऊ युरोपीय देशांतल्या साडेनऊ लाखांच्या आसपास मुलामुलींचा आणि तरुणांचा माग काढणारा ईपीआय-सीटी अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी सीटीमुळे मज्जेला मिळालेला डोस वाढत गेला तसा रक्ताच्या आणि लिम्फ पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढत गेला, 100 मिलिग्रेला सुमारे तिप्पट. दर माणशी हिशेब केला तर तो लहानच: आज सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक किंवा दोन जादा रुग्ण. निरोगी मुलाला डोकं आपटलं म्हणून केलेल्या एका सीटीत हा हिशेब सहज सोसवतो. पण लिम्फ पेशींचा पहारा आधीच उठवलेल्या मुलाला, केवळ आकडा चढला म्हणून दर चार महिन्यांनी, सीटी जोडलेलं पेट करायचं? त्याचं समर्थन मला अजून कुणी पटेल असं दिलेलं नाही.

पूर्वपक्षातला सगळ्यात हळवा मुद्दा तुकड्याचा आहे. चिरण्यापेक्षा चित्र बरं, असं आईला वाटणं स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे यातून जी पळवाट निघते ती चित्राहूनही वाईट: बारीक सुईने चार पेशी ओढून पाहायच्या, म्हणजे एफएनएसी. क्षयाचा संशय असलेल्या मानेच्या गाठीत ती सुई फार उपयोगाची आहे, म्हणून हात तिच्याकडेच जातो. पण ओढलेल्या पेशींत ग्रंथीची घडण राहत नाही. भिंतीच्या विटा पोत्यात भरून आणल्या तर घराचा नकाशा कुठून कळणार? इथे अख्खी ग्रंथी काढणं सर्वात चांगलं. ते जमत नसेल तर सोनोग्राफीच्या नजरेखाली जाड सुईने काढलेला नळीसारखा तुकडा. जांघेतलं, मानेतलं जे अवधाण बोटाला लागतं ते काढणं मुलाला सोपं जातं. लिव्हरच्या दाराशी खोल बसलेली गाठ असेल तर काम अवघड, हे मान्य.

आणि इथेच मी पेटला त्याची खरी जागा देते. एकाच मुलाच्या अंगात पीटीएलडीचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या जागी असू शकतात, मानेत सौम्य, पोटात आक्रमक. म्हणून रोग अनेक ठिकाणी असल्याचा संशय असेल, आणि सुई कुठे टाकायची हे ठरत नसेल, तर सर्वात उजळ जागा शोधायला पेटसारखं दुसरं काही नाही. आक्रमक प्रकार तुकड्याने सिद्ध झाला, की तो कुठवर पसरलाय हे पाहायला पेट सीटीपेक्षा सरस आहे. उपचारांच्या शेवटी लिव्हरच्या दाराशी राहिलेला गोळा जिवंत आहे की वाळलेला व्रण, हे तेच सांगू शकतं. तेही एका बाजूनेच नीट सांगतं. मोठ्यांच्या जर्मन पीटीएलडी नोंदवहीत उपचारानंतर विझलेलं पेट खरं ठरण्याचं प्रमाण 92 टक्के होतं, आणि उजळ पेट खरं ठरण्याचं अवघं 38 टक्के. विझलेल्या चित्रावर विसंबता येतं. उजळलेल्या चित्रावर पुन्हा रिटक्सिमॅब सुरू करण्याआधी पुन्हा तुकडा काढायला हवा. तुकड्याआधीच्या चित्राचं नेमकं उलटं आहे, तिथे विझलेलं चित्र फसवतं. एकच तपासणी रोगाच्या कुठल्या टप्प्यावर केली यावर तिच्या बोलण्याचं वजन बदलतं. "पेट करून घेऊ" या वाक्यात तो टप्पा कधीच नसतो.

पूर्ण शरीराच्या एमआरआयकडेही आता आशेने पाहिलं जातंय. त्यात किरण नाहीत, ही मोठी गोष्ट. पण लहान मुलाला पाऊण-एक तास निश्चल ठेवायला बहुधा भूल लागते, आणि पाण्याच्या हालचालीवर आधारलेल्या चित्रात निरोगी ग्रंथीही उजळ दिसतात. एका यंत्रावरची श्रद्धा उचलून दुसऱ्यावर ठेवायची असेल तर त्यात काही मिळवलं नाही.

मला सोनोग्राफीची बाजू घ्यायची आहे, कारण तिची बाजू कुणी घेत नाही. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी आहे, मुलाला उपाशी ठेवून रातोरात शहर गाठावं लागत नाही. पेटचं औषध 110 मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ती सोय ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनपासून फार लांब जाऊ शकत नाही. लिव्हरच्या दाराशी, बसवलेल्या किडनीच्या मुखाशी, प्लीहेत, मानेत, म्हणजे मुलांत हा रोग जिथे उगवतो त्यातल्या कितीतरी जागा प्रोबखाली येतात. छातीच्या आत आणि हाडांत ती पोहोचत नाही, हे खरं. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी माझ्या बाकीच्या यंत्रांत नाही: ती करताना मी मुलाच्या शेजारी बसलेली असते, आणि आजी बोलत असते.

त्या मुलीचं टॅक्रोलिमस उतरवलं. दर आठवड्याला लिव्हरची एन्झाइम्स पाहिली, ती एकदा चढली आणि परत खाली आली. विषाणूचा आकडा हळूहळू उतरला. दुसऱ्या पेटची गरज पडली नाही. आता तिच्या फॉर्मवर तिचे डॉक्टर नुसतं "सोनोग्राफी" लिहीत नाहीत. परवाच्या फॉर्मवर होतं: "घोरणं बंद. रात्री शांत झोप. मानेच्या ग्रंथींचा आकार आणि मधली रेघ मागच्या वेळेशी ताडून पाहावी. लिव्हरच्या दाराशी काही नवं आहे का?" मधली रेघ उजव्या बाजूच्या तीन ग्रंथींत परत दिसत होती. डावीकडे एक अजून गोल आहे. तिला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.